घरचा बार्बेक्यू चिकन पिझ्झा, चौथ्या खेपेला

पहिल्या रविवारचा पिझ्झा आम्ही ताटलीत घेऊन चमच्याने खाल्ला. कडा करपलेल्या, मधोमध लगदा आणि वरचा कांदा काळा. मुलगा काही बोलला नाही, पण दुसरा तुकडा त्याने मागितला नाही. अकरावीतला मुलगा चिकनचा दुसरा तुकडा मागत नाही, यातच सगळं आलं. रात्री ओटा पुसताना मी ठरवलं, हा पदार्थ नीट येईपर्यंत सोडायचा नाही.

त्याने तो पुण्याला आत्याकडे गेल्यावर एका हॉटेलात खाल्ला होता. आल्यापासून त्याचंच वर्णन चाललेलं. सॉस गोड आहे पण केचपसारखा नाही, आंबट आहे, मागून धुराची चव येते, आणि वर चक्क कोथिंबीर. इथे नाशकात आम्ही दोन ठिकाणी मागवून पाहिला. दोन्हीकडे बाटलीतल्या सॉसचा नुसता गोडवा होता, धुराचा पत्ता नव्हता. मग मीच वाचायला बसले.

या पिझ्झाचा उगम कॅलिफोर्नियातला. एड लाडू नावाचा आचारी लॉस एंजेलिसमधल्या ‘स्पॅगो’ या नावाजलेल्या रेस्टॉरंटात पिझ्झा करायचा. पुढे रिक रोझनफील्ड आणि लॅरी फ्लॅक्स या दोन वकिलांनी १९८५ साली बेव्हर्ली हिल्समध्ये ‘कॅलिफोर्निया पिझ्झा किचन’ काढलं, तेव्हा त्यांचा पहिला मेनू याच लाडूने बसवून दिला. बार्बेक्यू चिकन पिझ्झा त्या मेनूतला. टोमॅटोच्या नेहमीच्या सॉसऐवजी बार्बेक्यू सॉस, मोझरेला आणि धुरी दिलेलं गौडा चीज, चिकन, लाल कांदा, कोथिंबीर. एवढंच. ही यादी वाचली आणि मला एकदम हुरूप आला. कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर नाशिकच्या माणसाने कोणाकडे मागायची? आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, निफाड तालुक्यात कांदा लावतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात. कोथिंबिरीच्या जुड्या इथून रात्रीच्या गाड्यांनी मुंबईला जातात. राहता राहिला सॉस आणि धूर.

सॉसवर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले, आणि ते गेले याचं मला वाईट वाटत नाही. अमेरिकेत बार्बेक्यू सॉसही प्रांताप्रांतात बदलतो. कॅरोलिनाकडे व्हिनेगर आणि मोहरीवर भर, तर कॅन्सस सिटीकडे टोमॅटो आणि मोलॅसिस. पिझ्झावर जातो तो या दुसऱ्या वळणाचा. मोलॅसिस म्हणजे उसाचा रस आटवून साखर काढून घेतल्यावर उरणारा काळपट, किंचित कडवट पाक. तो शोधत मी कॉलेज रोडची दोन दुकानं फिरले आणि घरी आल्यावर लक्षात आलं, की फडताळात काकवीची बाटली आहे. सासूबाई हिवाळ्यात बाजरीच्या भाकरीबरोबर काकवी घेतात. काकवीतली साखर काढलेली नसते, त्यामुळे ती मोलॅसिसपेक्षा गोड आणि कमी कडू. पण तो खोल, भाजल्यासारखा उसाचा वास तिच्यात आहे. नुसता गूळ घालून पाहिला होता, त्यात तो वास येत नाही.

एक किलो टोमॅटो घेतले. जाड सालीचे, लांबट, कमी रसाचे. उकळून साल काढली, वाटले, गाळले. कढईत दोन चमचे तेलावर एक बारीक किसलेला कांदा आणि सहा पाकळ्या लसूण तांबूस होईपर्यंत परतला, मग टोमॅटोचा रस, चार मोठे चमचे काकवी, तीन मोठे चमचे व्हिनेगर, दोन चमचे काश्मिरी मिरचीची पूड, अर्धा चमचा मोहरीची पूड, मिरी, मीठ. हे मंद आचेवर आटवायचं. घाई केली की तळाशी लागतं आणि काकवी कडू होते. टोमॅटोत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते सगळं जावं लागतं. मला पन्नास मिनिटं लागली. कढईच्या तळावर उलथनं ओढलं की रेघ राहिली पाहिजे, ती लगेच मिटता कामा नये. पहिल्या रविवारी मी वीस मिनिटांत उतरवला होता आणि मधला लगदा त्याचाच होता.

चव तरीही बसत नव्हती. गोड होतं, आंबट होतं, पण दोन्ही वेगवेगळं लागत होतं. सासूबाई माळकरी आहेत, चिकनला त्या हात लावत नाहीत, पण सॉस शाकाहारी होता म्हणून मी त्यांना बोटावर चाखायला दिला. त्यांनी एकदा चाखला, पुन्हा चाखला आणि म्हणाल्या, “अगं, याला चिंच हवी. शिरका वरच्या वर राहतोय.” मी लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ घातला, व्हिनेगर एक चमचा कमी केलं, आणि सॉस जुळून आला. नंतर वाचताना कळलं, की अमेरिकेत बार्बेक्यू सॉसमध्ये बऱ्याचदा वूस्टर सॉस घालतात, आणि त्या इंग्लिश सॉसमध्ये चिंच असतेच. सासूबाईंनी ते नावही ऐकलेलं नाही. त्यांच्या जिभेने आमटीच्या हिशोबाने बरोबर जागा शोधली. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मग काय, गोडाला चिंच लागतेच.”

धुराचा प्रश्न मला आधी सगळ्यात अवघड वाटला होता. खरं बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरात, साधारण ११० अंशांच्या आसपास तासन् तास मांस शिजवणं. ते फ्लॅटमध्ये होणार नव्हतं. पण कोळशाची धुरी आपल्याकडे दालला देतात, वांग्याच्या भरताला देतात, मग चिकनला का नाही? कोळसा मिळाला आमच्या सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्या काकांकडे. ते अजून कोळशाची इस्त्री वापरतात. “काका, चार तुकडे द्या, स्वयंपाकाला हवेत,” म्हटल्यावर त्यांनी पोत्यातून निवडून, कोरडे, वाजणारे तुकडे दिले. एक सांगते. हा लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळसा खाण्याच्या जवळपासही आणू नये. आणि धुरी देताना खिडक्या उघड्या ठेवाव्या, बंद स्वयंपाकघरात कोळसा फुलवू नये. मी ते सगळं बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर केलं. चिकनची कढई आणि झाराही आमच्याकडे वेगळाच असतो.

चिकन मांडीचं घ्यावं. छातीचा भाग दुकानदार आग्रहाने देतात, पण तो आधी शिजवून पुन्हा ओव्हनमध्ये गेला की कोरडा, दोऱ्यासारखा होतो. चारशे ग्रॅम बोनलेस मांडीला मीठ, मिरी, थोडी मिरचीपूड लावून मोठ्या आचेवर तेलात परतलं, आतपर्यंत शिजवलं, मग बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. कच्चं चिकन पिझ्झावर टाकायचं नाही. आठ-दहा मिनिटांत ते आतून शिजेल याचा भरवसा नाही. शेवटी दोनच चमचे सॉस घालून तुकडे घोळले. कढईत मधोमध वाटी ठेवून त्यात फुललेला निखारा, वर दोन थेंब तूप, आणि लगेच झाकण. चार मिनिटं. जास्त ठेवलं तर धुराची चव कडवट होते, दुसऱ्या रविवारी मी दहा मिनिटं ठेवून ते अनुभवलं आहे.

चीजला धुरी देणं वेगळं. धुरी दिलेलं गौडा मला जवळपास मिळालं नाही, साधं गौडा मिळालं. ते किसून निखाऱ्याशेजारी ठेवलं तर एका बाजूने वितळून गोळा झालं. पुढच्या वेळी किसलंच नाही. शंभर ग्रॅमची वडी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली, मोठ्या पातेल्यात एका कडेला ठेवली, दुसऱ्या कडेला निखाऱ्याची वाटी, झाकण, पाच मिनिटं. मग डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी डबा उघडला तेव्हा चुलीशेजारच्या फळीवरून काढल्यासारखा वास आला. मुलगा झोपेतून उठून आत आला आणि म्हणाला, “आई, हाच तो वास.” त्या क्षणी मला कळलं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

कणकेबद्दल थोडक्यात सांगते. पाचशे ग्रॅम मैदा, तीनशे दहा मिली पाणी, दहा ग्रॅम मीठ, अर्धा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा तेल. मळून लगेच फुगवायची नाही. चार गोळे करून तेल लावलेल्या डब्यात फ्रिजमध्ये दोन रात्री. थंडीत यीस्ट हळू काम करतं आणि तेवढ्या वेळात कणकेला चव येते, शिवाय ती ताणली तरी फाटत नाही. काढायची वेळ मात्र ऋतूवर. डिसेंबरात नाशकात पहाटे बोटं आखडतात, निफाडला तर पारा आणखी उतरतो, त्यामुळे पुस्तकातले दीड-दोन तास मला पुरले नाहीत. मी तीन तास आधी गोळे बाहेर काढून तांदळाच्या डब्याशेजारी, गॅसजवळच्या कोपऱ्यात ठेवले. लाटणं वापरायचं नाही, आतली हवा निघून जाते. हे मला सोपं गेलं, कारण हात भाकरीचा आहे. पोळपाटावर पीठ भुरभुरून, मधून कडेकडे बोटांनी थापत जायचं, बोटभर कडा जाड सोडायची. पीठ म्हणजे मैदा नको, बारीक रवा घ्यावा. रव्यावर कणीक घसरते. मैदा तिच्यातलं पाणी ओढून घेतो आणि ती चिकटते. दुसऱ्या रविवारी माझा सजवलेला पिझ्झा पोळपाटाला धरून बसला आणि सोडवताना सगळं चीज ओव्हनच्या तळाशी सांडलं. त्यानंतरचा जळका वास घरात मंगळवारपर्यंत होता.

आता तव्याची गोष्ट. माझा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, २५० अंशांपर्यंत जातो. नेपल्सचा पिझ्झा भाजतात तो लाकडाच्या भट्टीत, साडेचारशे अंशांच्या वर, दीड मिनिटाच्या आत. घरी ते होत नाही, हे मान्य करून मी ट्रेमध्ये भाजत होते आणि तळ दर वेळी पांढरा राहत होता. वर रंग यावा म्हणून जास्त ठेवलं की सॉस करपायचा, कारण काकवीतली साखर लवकर जळते. तिसऱ्या रविवारी मी डोशाचा बिडाचा सपाट तवा उपडा करून ओव्हनच्या जाळीवर ठेवला आणि पाऊण तास तापवला. तवा हवा तसा तापला, पिझ्झा त्यावर सरकवला, आणि दोन मिनिटांत वीज गेली.

मी दार उघडलं नाही. काय करावं सुचत नव्हतं, उघडलं तर होती ती उष्णताही जाईल एवढंच कळत होतं. दहा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर वरचं चीज जेमतेम वितळलेलं, पण कडेला उलथनं घालून उचललं तेव्हा तळ सोनेरी होता, जागोजागी तपकिरी ठिपके, अगदी भाकरीला पडतात तसे. तीन रविवारांत पहिल्यांदा. ओव्हनच्या तापणाऱ्या काड्या बंद होत्या तरी बिडाच्या तव्याने साठवलेल्या उष्णतेवर तळ भाजून काढला होता. तो पिझ्झा मी गॅसवर मंद आचेवर दुसऱ्या तव्यात झाकून पुरा केला आणि आम्ही तो मेणबत्तीत खाल्ला. त्या रात्री मला सगळं उमगलं. तळाचं काम तव्याचं, वरचं काम वरच्या काडीचं, आणि दोघांना एकाच वेळी कामाला लावायची गरज नाही. भाकरी तरी काय, एक बाजू तव्यावर आणि दुसरी जाळावर. रोज करते, तरी ओव्हनसमोर उभी राहिल्यावर आठवलं नव्हतं.

चौथा रविवार. मार्गशीर्षातले गुरुवार आमच्याकडे पाळतात, म्हणून चिकन रविवारीच आणायचं. अप्पा आदल्या दिवशी गावाहून आले होते आणि येताना पिशवीभर कांदा घेऊन आले. मी ओट्यावरचा बाजारातून आणलेला कांदा चिरायला घेतला तशी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

“हा नवा लाल आहे. याला पाणी फार. भाजायला तो घ्या.”

त्यांच्या पिशवीतला उन्हाळ कांदा होता, एप्रिलमध्ये काढून कांदाचाळीत ठेवलेला, शेवटचा राहिलेला. साल पातळ, चुरचुरीत. दोन्ही चिरून शेजारी ठेवले तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. नव्या लाल कांद्याखाली पाच मिनिटांत ताटलीत पाणी जमलं, उन्हाळ कांदा कोरडा राहिला. इतके दिवस मी पिझ्झावरच्या पाण्याचा दोष चीजला देत होते. पातळ चकत्या करून त्यांना तेलाचा हात लावला, म्हणजे काळ्या पडत नाहीत.

सासूबाईंचा पिझ्झा आधी लावला. ढोबळी मिरची, कांदा, साधं चीज, सॉस तोच. ओव्हनमध्ये चिकन जायच्या आधी त्यांचं झालं पाहिजे, हा घरातला नियम आहे आणि तो मला पटतो. मग आमचा. नऊ इंच थापलेल्या गोळ्यावर फक्त दोन मोठे चमचे सॉस, चमच्याच्या पाठीने पातळ पसरला. त्यावर मोझरेला, म्हणजे सॉस झाकला जातो आणि करपत नाही. मग चिकन, कांदा, आणि सगळ्यात वर धुरीचं गौडा, मूठभरच. पोळपाट एकदा हलवून पिझ्झा सरकतोय ना ते पाहिलं आणि तव्यावर सोडला. सात मिनिटं दोन्ही काड्या, शेवटची दोन मिनिटं फक्त वरची. ती दोन मिनिटं मी काचेसमोरून हलले नाही. चीजवर तांबडे फोड यायला लागले, कडा फुगून आल्या. बाहेर काढल्यावर मुलगा लगेच सुरी घेऊन आला, मी त्याला तीन मिनिटं थांबवलं. चीज थोडं बसू द्यावं लागतं, नाहीतर कापताना सगळं एका बाजूला ओढलं जातं. उरलेला एक चमचा सॉस चमच्यानेच वरून रेघांसारखा सोडला, आणि मग कोथिंबीर. ती भाजायच्या आधी घालायची नाही, काळी पडते आणि वास जातो.

तुकडा उचलला तर टोक खाली झुकलं नाही. पहिल्यांदा धूर, मग काकवीचा गोडवा, मग चिंच, आणि शेवटी कांद्याचा करकरीतपणा. मुलाने डोळे मिटून खाल्ला. “पुण्यापेक्षा भारी,” म्हणाला. त्याचं म्हणणं मी पूर्ण धरत नाही, घरचं म्हणून तो म्हणणारच. पण त्याने चार तुकडे खाल्ले, ते मी मोजले. नवऱ्याला थोडं तिखट कमी वाटलं आणि त्याने वरून काळा मसाला भुरभुरला. मला ते पटलं नाही. त्या मसाल्यापुढे धूर मागे पडतो. मिसळीवर घालावा, इथे नको.

अप्पांनी पिझ्झा म्हणून असा तो पहिल्यांदाच खाल्ला. आधी वरचा कांदा सुटा करून चाखला, मग पूर्ण तुकडा. बराच वेळ काही बोलले नाहीत. सासूबाईंनी आपला ढोबळी मिरचीचा अर्धाच खाल्ला, उरलेला सॉस वाटीत मागून घेतला आणि सकाळच्या भाकरीबरोबर संपवला.

“चाळीत अजून दीड-दोन गोणी उन्हाळ असेल,” हात धुताना अप्पा म्हणाले. “संपायच्या आत सांगा, आणून टाकतो.”

फ्रिजमध्ये कणकेचे दोन गोळे शिल्लक होते. मी त्यांना म्हटलं, पुढच्या रविवारी या.